परदेशी विद्यापीठातील देवाणघेवाण सत्र : विषयांच्या निवडीपासून श्रेयांक पदरात पडेपर्यंत

आपल्या विद्यापीठातील प्रवेश कायम ठेवून एक-दोन सत्रे परदेशातील विद्यापीठात शिकायची, तिथे मिळवलेले श्रेयांक (क्रेडिट) आपल्या पदवीत धरून घ्यायचे आणि शेवटी पदवी मात्र आपल्याच विद्यापीठाची घ्यायची, हे विद्यार्थी देवाणघेवाणीचे मूळ स्वरूप आहे. अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाने प्राध्यापक रेमंड कर्कब्राइड यांच्या पुढाकाराने १९२३ मध्ये आठ विद्यार्थी फ्रान्सला पाठवले, तेव्हापासून ही वाट रुळत गेली. युरोपात १९८७ मध्ये इरॅस्मस हा विद्यार्थी देवाणघेवाणीचा कार्यक्रम सुरू झाल्यावर ती हजारो विद्यापीठांपर्यंत पोहोचली. आज अनेक विद्यापीठांचे परदेशी विद्यापीठांशी थेट करार असतात आणि त्या करारांनुसार जाणारा विद्यार्थी शुल्क आपल्या विद्यापीठातच भरतो. यजमान विद्यापीठ त्याच्याकडून शिकवणी शुल्क घेत नाही, कारण तेवढेच विद्यार्थी तिकडून इकडे येणार असतात.

अशा सत्राचे सोने होते की त्यापायी पदवी एका वर्षाने लांबते, हे बहुतांशी प्रवासापूर्वीच ठरून गेलेले असते. ते ठरते विषयांच्या यादीवर कोणाच्या सह्या आहेत आणि त्या सह्यांचा अर्थ नेमका काय, यावर. व्हिसा, निवास आणि पैसे यांची काळजी सगळेच करतात; विषयांच्या यादीकडे मात्र शेवटच्या आठवड्यात पाहिले जाते. म्हणून या लेखात तिला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

आधी प्रकार ओळखा

परदेशात शिकण्याचे मार्ग बाहेरून सारखे दिसत असले, तरी त्यांचे नियम निरनिराळे आहेत. करारानुसार होणाऱ्या देवाणघेवाणीत शुल्कमाफी असते, पण जागा मोजक्या असतात आणि तुमचे नाव तुमच्या विद्यापीठानेच पाठवावे लागते. करार नसलेल्या विद्यापीठात पाहुणा विद्यार्थी म्हणून स्वतंत्रपणे जाता येते. तिथे निवडीला मोकळीक असते, पण पूर्ण शुल्क भरावे लागते आणि श्रेयांक मान्य करून घेण्याचा सगळा भार स्वतःवर येतो. तिसरा मार्ग संयुक्त पदवीचा आहे. इरॅस्मस मुंडस हे त्याचे ठळक उदाहरण असून त्यात दोन किंवा अधिक देशांतील विद्यापीठांनी मिळूनच अभ्यासक्रम आखलेला असतो. काही आठवड्यांच्या उन्हाळी शाळा हा चौथा प्रकार. ज्यांच्या अभ्यासक्रमात सत्रभर बाहेर राहण्याइतकी सवड नाही, त्यांनी तो कमी प्रतीचा मानू नये. पुढील विवेचन मुख्यतः पहिल्या प्रकाराविषयी आहे.

दोन दिनदर्शिका एकमेकींशेजारी ठेवा

तयारी प्रस्थानाच्या सुमारे दीड वर्ष आधी सुरू करणे योग्य ठरते, कारण विद्यापीठांतर्गत निवड बहुधा जवळजवळ एक वर्ष आधी होते आणि तिच्या आधी भाषा परीक्षा व विषयांची चाचपणी उरकलेली असावी लागते.

शैक्षणिक वर्ष जगभर एकाच वेळी सुरू होत नाही. जपानमध्ये ते एप्रिलमध्ये सुरू होते, ऑस्ट्रेलियात साधारण फेब्रुवारीच्या अखेरीस, तर अमेरिकेत ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. जर्मनीत हिवाळी सत्राची व्याख्याने ऑक्टोबरमध्ये सुरू होऊन फेब्रुवारीपर्यंत चालतात आणि काही परीक्षा त्यानंतरही होतात. आता जानेवारीत ज्याच्या विद्यापीठात पुढचे सत्र सुरू होते, अशा विद्यार्थ्याने जर्मनीतील हिवाळी सत्र निवडले, तर तिकडची परीक्षा आणि इकडचे वर्ग यांची गाठ पडणार हे उघड आहे. यावर तीन उपाय संभवतात: उन्हाळी सत्र निवडणे, पूर्ण वर्षासाठी जाणे किंवा यजमान विद्यापीठातील प्राध्यापकाकडून परीक्षा लवकर घेण्याची लेखी संमती मिळवणे. तिसऱ्या उपायावर भिस्त ठेवू नये. अनुत्तीर्ण झाल्यास पुनर्परीक्षा कधी होते आणि ती मायदेशातून देता येते का, हेही याच टप्प्यावर विचारून घ्यावे. बहुतेक वेळा ती देता येत नाही.

विद्यापीठ निवडताना देशापेक्षा विषय पाहा

बहुतेक विद्यार्थी आधी देश ठरवतात, मग शहर आणि सर्वांत शेवटी विषय. हा क्रम उलटा असायला हवा. आपल्या पदवीचा आराखडा समोर घ्या आणि ज्या सत्रात बाहेर जायचे आहे त्या सत्रातील विषयांचे तीन गट करा: परदेशात हमखास मिळू शकतील असे सामान्य विषय, त्यांच्याऐवजी दुसरे काही चालेल असे ऐच्छिक विषय आणि आपल्याच विद्यापीठात पूर्ण करावे लागतील असे अनिवार्य विषय. तिसरा गट मोठा निघाला, तर सत्र बदलण्याचा विचार करा. ऐच्छिक विषय मुद्दाम राखून ठेवून ते देवाणघेवाणीच्या सत्रात आणणे, ही दोन वर्षे आधी करता येण्यासारखी सर्वांत उपयुक्त तयारी आहे.

त्यानंतर करार असलेल्या विद्यापीठांच्या विषयसूची वाचा. संकेतस्थळावर दिसणारी यादी बऱ्याचदा मागील वर्षाची असते. ती पाहायला हरकत नाही, पण प्रत्येक विषयाबाबत काही प्रश्नांची उत्तरे मिळवावी लागतात. तो विषय तुम्ही जाणार त्याच सत्रात शिकवला जातो का? कोणत्या भाषेत? त्यासाठी कोणता पूर्वाभ्यास लागतो? पदवी स्तरावरील विद्यार्थ्याला तो घेता येतो का? आणि देवाणघेवाणीच्या विद्यार्थ्यांना तो खुला आहे का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सूचीत नेहमीच सापडत नाही. वैद्यक, कायदा, व्यवस्थापन, वास्तुकला अशा विभागांत बाहेरच्या विद्यार्थ्यांना मर्यादित प्रवेश असू शकतो. शिवाय करार पूर्ण विद्यापीठाशी आहे की एकाच विभागाशी, यावरूनही बरेच काही ठरते.

विद्यापीठांच्या जागतिक क्रमवारीला या निवडीत फारसे महत्त्व देऊ नये, असे माझे मत आहे. क्रमवारीत संशोधनाचे वजन मोठे असते. तुम्हाला हव्या असलेल्या चार विषयांचे अध्यापन कसे आहे, याविषयी ती जवळजवळ काहीच सांगत नाही. त्यापेक्षा तिथे जाऊन आलेल्या विद्यार्थ्यांचे अहवाल वाचावेत. बऱ्याच विद्यापीठांचे आंतरराष्ट्रीय विभाग ते जपून ठेवतात आणि मागितल्यावर दाखवतात.

श्रेयांकांचा करार

युरोपीय श्रेयांक पद्धतीत पूर्ण शैक्षणिक वर्षाचे ६० श्रेयांक धरले जातात, म्हणजे एका सत्राचे ३०. एका श्रेयांकामागे साधारण २५ ते ३० तासांचे काम गृहीत असते आणि त्या तासांत व्याख्यानांबरोबरच वाचन, लेखन व परीक्षेची तयारीही मोजली जाते. अमेरिकेतील विद्यापीठांत पूर्णवेळ विद्यार्थी एका सत्रात साधारण १५ श्रेयांक घेतो, त्यामुळे दोन युरोपीय श्रेयांकांना एक अमेरिकी श्रेयांक असे ढोबळ प्रमाण पुष्कळ ठिकाणी वापरतात. मात्र तुमचे विद्यापीठ कोणते प्रमाण वापरते, हे त्याच्याकडूनच लेखी घ्यावे. तीसऐवजी पंचवीस श्रेयांक घेतले आणि परतल्यावर एक विषय कमी पडला, ही तक्रार अनेकांकडून ऐकू येते. तिचे मूळ बहुधा या रूपांतरात असते.

इरॅस्मसमध्ये यासाठी अध्ययन करार नावाचा कागद असतो. त्यात यजमान विद्यापीठात घ्यायचे विषय एका बाजूला आणि त्यांच्या बदल्यात आपल्या विद्यापीठात कोणते विषय किंवा श्रेयांक मान्य होतील हे दुसऱ्या बाजूला लिहून विद्यार्थी व दोन्ही विद्यापीठे अशा तिघांच्या सह्या होतात. तुमचा कार्यक्रम इरॅस्मसचा नसला तरी याच धर्तीचा कागद स्वतः तयार करून त्यावर सह्या घ्याव्यात. सही कोणाची, हा यातला कळीचा मुद्दा आहे. आंतरराष्ट्रीय विभागाची सही तुम्ही जात आहात एवढेच सांगते. विषय मान्य करण्याचा अधिकार मात्र बहुधा विभागप्रमुखांकडे, अभ्यास मंडळाकडे किंवा परीक्षा विभागाकडे असतो. ‘परत आल्यावर पाहू’ हे उत्तर कितीही आपुलकीने दिलेले असले तरी ते मान्यता नव्हे. तोवर ते प्राध्यापक त्या पदावर असतीलच असेही नाही.

मान्यता मागताना केवळ विषयाचे नाव पाठवू नका. प्रत्येक विषयाचा सविस्तर अभ्यासक्रम जोडा, त्यात घटक, संदर्भग्रंथ, तासिका, मूल्यमापनाची पद्धत आणि श्रेयांक असावेत, आणि आपल्या विद्यापीठातील कोणत्या विषयाशी तो किती जुळतो याची दोन-तीन वाक्यांची टीप स्वतः लिहून द्या. निर्णय घेणाऱ्याला तयार तुलना मिळाली की उत्तर लवकर येते. अभ्यासक्रमाची पाने त्याच दिवशी पीडीएफ करून साठवा, कारण पुढच्या वर्षी विद्यापीठ ती बदलते आणि जुनी पाने सापडत नाहीत. यादीत गरजेपेक्षा दोन-तीन विषय जास्त मान्य करून ठेवावेत. तिथे पोहोचल्यावर एखादा विषय रद्द होणे, त्यातील जागा भरणे किंवा दोन विषयांची वेळ एकच असणे हे इतके नेहमीचे आहे की पर्यायी विषयांवाचून कोणी जाऊच नये.

आता गुणांचा प्रश्न. इटलीत विषयाला ३० पैकी गुण देतात आणि १८ ला उत्तीर्ण करतात. फ्रान्समध्ये गुण २० पैकी असतात, उत्तीर्ण होण्यासाठी १० लागतात आणि १६ ही तिथे उत्कृष्ट कामगिरी मानली जाते. जर्मनीत आकडा जितका लहान तितकी श्रेणी वरची, म्हणजे १.० सर्वोत्तम आणि ४.० कसेबसे उत्तीर्ण. फ्रान्समधील २० पैकी १४ गुणांचे कोणी सरळ ७० टक्के केले, तर त्या विद्यार्थ्यावर अन्याय होतो. म्हणून दोन गोष्टी आधीच स्पष्ट करून घ्याव्यात. परदेशातील गुण एकूण सरासरीत धरले जाणार, की विषय केवळ उत्तीर्ण म्हणून नोंदवला जाणार? आणि गुण धरले जाणार असतील, तर रूपांतराचे कोष्टक कोणते? सूत्राने रूपांतर कसे होते हे जर्मनीत प्रचलित असलेल्या तथाकथित बव्हेरियन सूत्रावरून समजते. कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, त्या फरकाला कमाल व किमान उत्तीर्ण गुणांमधील अंतराने भागायचे, आलेल्या संख्येला तीनने गुणून त्यात एक मिळवायचा. कमाल १० आणि उत्तीर्णतेला ४ गुण असलेल्या पद्धतीतील ८ गुणांची जर्मन श्रेणी त्यानुसार २.० येते. उत्तीर्णतेची मर्यादा हिशेबात घेतल्याशिवाय केलेले कोणतेही रूपांतर रास्त नसते.

निवड आणि अर्ज

ही प्रक्रिया दोन टप्प्यांची असते. आधी आपले विद्यापीठ निवड करून तुमचे नाव यजमान विद्यापीठाला कळवते आणि मग तिकडून आलेल्या दुव्यावर तुम्ही स्वतः अर्ज भरता. पहिल्या टप्प्यानंतर निवांत होऊन दुसऱ्याची मुदत चुकवणारे विद्यार्थी दरवर्षी असतात.

उद्देशपत्रात त्या देशाच्या संस्कृतीचे गुणगान करू नये. कोणते विषय तिथेच का शिकायचे आहेत, आपल्या पदवीत ते कुठे बसतात आणि त्यांचा पूर्वाभ्यास आपण कुठे केला आहे, हे एका पानात सांगितले की पुरे. विषयांची चाचपणी नीट झाली असेल, तर हे पत्र लिहायला वेळ लागत नाही. शिफारसपत्र तुमचे काम जवळून पाहिलेल्या प्राध्यापकांकडून घ्यावे आणि त्यांना किमान तीन आठवड्यांचा अवधी द्यावा.

भाषेची पातळी युरोपीय चौकटीत ए१ ते सी२ अशी मोजली जाते आणि अध्यापनाच्या भाषेसाठी बहुधा बी२ मागतात. टोफेल आणि आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षांचे निकाल दोन वर्षे ग्राह्य धरले जातात, तेव्हा परीक्षा फार लवकर देऊन ठेवण्यातही तोटा आहे. सगळे विषय इंग्रजीत असले तरी स्थानिक भाषा किमान ए१ पातळीपर्यंत शिकूनच निघावे. वर्गात तिच्यावाचून अडणार नाही, पण कार्यालय, दवाखाना आणि घरमालक यांच्यापाशी नक्की अडते.

पैशांचा हिशेब

शुल्कमाफी म्हणजे खर्चमाफी नव्हे. निवास, जेवण, विमा, व्हिसा, प्रवास, पुस्तके आणि काही ठिकाणी विद्यार्थी सेवांचे वेगळे शुल्क हे सगळे विद्यार्थ्याकडे असते. जर्मनीत शिकवणी शुल्क माफ असले तरी सत्रशुल्क भरावे लागू शकते. अंदाजपत्रक करताना मासिक खर्च वेगळा लिहा आणि पहिल्या महिन्याचा खर्च वेगळा. पहिल्याच महिन्यात अनामत, भाडे, अंथरूण-पांघरूण, नोंदणी शुल्क अशा गोष्टी एकदम अंगावर येतात आणि शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता मात्र कित्येकदा पोहोचल्याचे प्रमाणपत्र पाठवल्यानंतरच मिळतो. शेवटचा हप्ता परतल्यावर, अहवाल दिल्यानंतर मिळणे हेही नेहमीचे आहे. म्हणून पहिले दोन महिने शिष्यवृत्तीशिवाय निभावतील एवढी रक्कम हाताशी असावी.

काही देश पैशांचा पुरावा ठरावीक स्वरूपात मागतात. जर्मनीत अनेक परदेशी विद्यार्थ्यांना विशेष प्रतिबंधित खाते उघडून त्यात पूर्ण काळाची रक्कम आधीच भरावी लागते आणि तिथे गेल्यावर दरमहा ठरलेलीच रक्कम काढता येते. अर्धवेळ कामाच्या भरवशावर हिशेब जुळवणे धोक्याचे आहे. जपानमध्ये विद्यार्थ्याला वेगळी परवानगी घेऊन सत्र सुरू असताना आठवड्याला २८ तासांपर्यंतच काम करता येते, आणि स्थानिक भाषा न येणाऱ्याला काम मिळणे हा निराळा प्रश्न आहे.

व्हिसा, विमा आणि औषधे

व्हिसाची कागदपत्रे साखळीने येतात आणि साखळीची सुरुवात यजमान विद्यापीठापाशी होते. अमेरिकेला देवाणघेवाणीसाठी जाणारे विद्यार्थी बहुधा जे-१ व्हिसा घेतात, त्यासाठी डीएस-२०१९ हा कागद लागतो. पदवीसाठी जाणाऱ्यांच्या एफ-१ व्हिसासाठी आय-२० लागतो. जपानसाठी यजमान विद्यापीठाच्या मदतीने तिथल्या स्थलांतर विभागाकडून पात्रता प्रमाणपत्र मिळवावे लागते. शेंगेन देशांत, म्हणजे समान व्हिसा-व्यवस्था असलेल्या युरोपीय देशांत, ९० दिवसांहून अधिक राहायचे तर पर्यटकाचा अल्पमुदतीचा व्हिसा चालत नाही, त्या-त्या देशाचा डी प्रकारचा व्हिसा किंवा निवास परवाना लागतो. दूतावासाच्या भेटीची वेळ मिळायलाच अनेक आठवडे लागू शकतात, तेव्हा स्वीकृतीपत्र हाती येताच ती नोंदवावी आणि व्हिसा मिळेपर्यंत परतावा न मिळणारे तिकीट काढू नये.

जे-१ व्हिसाची एक अट फार कमी जण वाचतात. सरकारी निधी मिळालेल्यांना आणि इतर काही गटांतील विद्यार्थ्यांना कार्यक्रम संपल्यावर दोन वर्षे मायदेशात राहिल्याखेरीज अमेरिकेचे काही विशिष्ट व्हिसा मिळत नाहीत. पुढे तिथेच नोकरी करण्याचा विचार असणाऱ्यांनी ही अट आपल्याला लागू होते का, हे अर्ज करण्यापूर्वीच तपासावे.

विम्यात रक्कम पाहण्याइतकेच वगळलेल्या बाबी पाहणेही आवश्यक आहे. जुने आजार, मानसिक आरोग्याचे उपचार, दातांचे दुखणे आणि मायदेशी आणण्याचा खर्च यांचे काय, हे वाचल्याशिवाय विमा घेऊ नये. नियमित औषधे घेणाऱ्यांनी त्यांची रासायनिक नावे लिहिलेले डॉक्टरांचे पत्र सोबत ठेवावे आणि ती औषधे त्या देशात नेता येतात का हे आधी पाहावे. एका देशात डॉक्टर सर्रास लिहून देतात ते औषध दुसरीकडे बेकायदा असू शकते. अवधानाच्या विकारावर दिली जाणारी अँफेटामाइनयुक्त औषधे जपानमध्ये डॉक्टरांची चिठ्ठी असूनही नेता येत नाहीत.

निवास

विद्यापीठाच्या वसतिगृहाचा अर्ज हा प्रवेशाच्या अर्जाचा भाग आहे असे समजू नका. तो बहुधा वेगळा असतो, त्याची मुदतही वेगळी असते आणि तो उघडतो त्याच दिवशी भरलेला बरा. नेदरलँड्समध्ये घरांची टंचाई इतकी आहे की खोली नक्की झाल्याशिवाय येऊ नका, असा सल्ला तिथल्या काही विद्यापीठांनीच दिलेला आहे. खासगी खोली शोधताना प्रत्यक्ष किंवा निदान थेट व्हिडिओवर जागा पाहिल्याशिवाय, करार वाचल्याशिवाय आणि मालकाची ओळख पटल्याशिवाय पैसे पाठवू नयेत. मी परदेशी आहे, किल्ली कुरिअरने पाठवतो, असे सांगणाऱ्याशी बोलणे तिथेच थांबवावे. जर्मनीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि तिच्यासाठी घरमालकाचे लेखी पत्र लागते. ते द्यायला नकार देणाऱ्याची खोली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

पोहोचल्यानंतरचे आठवडे

पहिल्या आठवड्यात पोहोचल्याचे प्रमाणपत्र, पत्त्याची नोंदणी, बँक खाते आणि विषयनोंदणी ही कामे उरकावीत. विषय बदलण्याची मुदत फार थोडी असते. बदल करावा लागला, तर नवा विषय मान्य असल्याची लेखी संमती आपल्या विद्यापीठाकडून त्याच आठवड्यात ईमेलने घ्यावी. काही देशांत वर्गाला बसणे आणि परीक्षेसाठी नाव नोंदवणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. जर्मनीत परीक्षेची नोंदणी राहून गेल्यामुळे सत्रभराचा अभ्यास वाया गेल्याची उदाहरणे आहेत.

मनाचे चढउतारही गृहीत धरावेत. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये, फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेजियनांचा अभ्यास करून, आरंभीचा उत्साह, मग घसरण आणि नंतर सावरणे असा क्रम मांडला. सगळ्यांनाच तो लागू पडत नाही, हे पुढील संशोधनातून दिसले आहे. तरीही पहिल्या काही आठवड्यांनंतर एकटेपणा दाटून आला, तर आपली निवड चुकली असे लगेच समजू नये. विद्यापीठाची समुपदेशन सेवा देवाणघेवाणीच्या विद्यार्थ्यांनाही बहुधा खुली असते. तिचा पत्ता गरज पडण्याआधीच शोधून ठेवावा. आपल्याच भाषेच्या मंडळींचा आधार मोठा असतो, पण एखादी क्रीडा संघटना, गायनवृंद किंवा प्रयोगशाळेतील गट असा, जिथे स्थानिक विद्यार्थी दर आठवड्याला भेटतात, एक तरी नेम लावून घ्यावा.

परतताना आणि परतल्यावर

निघण्यापूर्वी वास्तव्याच्या कालावधीचे प्रमाणपत्र सही-शिक्क्यासह घ्यावे, पत्त्याची नोंदणी रद्द करावी, अनामत परत मिळाल्याशिवाय तिथले बँक खाते बंद करू नये आणि गुणपत्रक कोणत्या पत्त्यावर, कधी पाठवले जाईल हे विचारून घ्यावे. ते यायला महिना-दोन महिने लागू शकतात. पुढील सत्राची नोंदणी किंवा पदवीदान त्यावर अवलंबून असेल, तर आपल्या परीक्षा विभागाला आधीच कळवावे.

गुणपत्रक येताच मान्यतेचा अर्ज सह्या केलेल्या विषययादीसह द्यावा. एखादा विषय नाकारला गेला, तर कारण लेखी मागावे. परदेशातील अध्ययनकाळ हा ठोस फरक दाखवता आल्याखेरीज नाकारू नये, हे तत्त्व १९९७ च्या लिस्बन मान्यता करारात नमूद आहे आणि तो स्वीकारलेल्या देशांत त्याचा आधार घेता येतो. इतरत्र साठवून ठेवलेले अभ्यासक्रम, सह्या आणि ईमेल हाच आधार असतो. ही सगळी कागदपत्रे पदवीनंतरही जपून ठेवावीत, कारण पुढील प्रवेशासाठी अर्ज करताना काही विद्यापीठे देवाणघेवाणीच्या सत्राचे यजमान विद्यापीठाने दिलेले मूळ गुणपत्रकही स्वतंत्रपणे मागतात.